हमालाची उडी

समीक्षकाने आधी पोटभर कौतुक केलं आणि मग नेमका वर्मावर घाव घातला. धाकटीने ते परीक्षण ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मोबाइलवर वाचलं. जागेवर बसून वाचलं असतं तर शेजारच्या दोघींनी चेहऱ्यावरून सगळं ओळखलं असतं, आणि मग चौकशा आवरता आवरल्या नसत्या.

गेम तसा साधा होता. नाव ‘कपाट’. एक हमाल पाठीला लाकडी कपाट बांधून पडद्याच्या डावीकडून उजवीकडे चालत निघतो. गच्च्या, पत्रे, पडक्या भिंती, अर्धवट पूल असं सगळं ओलांडत त्याला शेवटच्या घरी कपाट पोचवायचं असतं. खेळणाऱ्याने त्याला चालवायचं आणि वेळ पाहून उडी मारायला लावायची, बस्स. दोघी बहिणींनी मिळून घरच्या घरी केलेला गेम. चित्रं आणि खड्डे थोरलीचे, आतली सगळी यंत्रणा धाकटीची.

समीक्षकाने लिहिलं होतं की चित्रं बघून डोळे निवतात. कपाटाच्या बिजागरीचं कुरकुरणं ऐकून त्याला स्वतःच्या घरातलं जुनं कपाट आठवलं होतं. हमाल खड्ड्यात पडतो तेव्हा कपाटाचं दार उघडून आतले कपडे एकेक करून हवेत पसरतात, ते बघायला माणसाने मुद्दाम पडावं, असंही त्याने म्हटलं होतं. इथवर सगळं गोड. पुढे तो लिहीत होता: ‘पण या हमालाला उडी मारता येत नाही. छोटी मागितली तरी मोठीच मारतो. हवेत कापसासारखा तरंगत बसतो. आणि जमिनीला टेकल्यावर लगेच बटण दाबलं, तर ऐकूच न आल्यासारखा ढिम्म उभा राहतो. खड्डे मात्र एखाद्या वैऱ्याने खणल्यासारखे. ज्याने उडी बनवली आणि ज्याने खड्डे खणले, त्या दोघांचं आपसात बोलणं नसावं.’

बोलणं होतं. रोज होतं, नको तितकं होतं. फक्त एक गोष्ट सोडून सगळ्यावर होतं.

ताई स्वेटरच्या कारखान्यात नक्षी बसवायची. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत हरणं, पानं, फुलं उभी करायची आणि यंत्र त्याबरहुकूम विणायचं. तिच्या बोटांचा वेग बघायला इतर विभागांतली माणसं उगाच काम काढून यायची. मग एक दिवस रंग चौकोनाबाहेर जायला लागला. पुढे चहाचा कप बशीत वाजायला लागला. डॉक्टरांनी नसांचं दुखणं सांगितलं, हे हळूहळू वाढतच जाणार हेही सांगितलं, आणि त्याचं नाव इतकं लांबलचक सांगितलं की आईने त्याला सरळ ‘ते’ म्हणायला सुरुवात केली. कारखाना सुटला. ताई खिडकीपाशी बसून राहायला लागली. बसून राहणं हे तिला कधी माहीतच नव्हतं, त्यामुळे घरातल्या प्रत्येक माणसाच्या प्रत्येक कामात खोड काढायला लागली.

धाकटी दुकानांच्या बिलांचे प्रोग्रॅम लिहायची. तिने सुचवलं, पडदाही शेवटी चौकोनांचाच असतो, आपण गेम करू. ताईने आधी उडवून लावलं आणि संध्याकाळपर्यंत हमालाचा पाय रेखाटूनही ठेवला.

आता या दोघींचं लहानपणचं एक सांगायलाच हवं. वाडीवस्तीतल्या सगळ्या पोरांत ताई पळायला, हुलकावणी द्यायला पहिली. धाकटी तिच्या मागे शेपटासारखी, म्हणून तिला लिंबूटिंबू केलेलं. म्हणजे खेळात घेतलेलं, पण बाद कुणी धरायचं नाही. धाकटीला वाटायचं, आपण फारच चपळ आहोत. एकदा कुणीतरी तिला चांगलं पाठीत धपका घालून पकडलं आणि तरी खेळ पुढे चालूच राहिला, तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ती पायरीवर बसून अशी काही रडली की शेजारणी गोळा झाल्या. तिला बाद व्हायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून ताईने तिला पहिल्या झटक्यात, दयामाया न दाखवता बाद करायला सुरुवात केली. धाकटी बाद होऊन कठड्यावर ऐटीत बसायची. एवढं सगळं भोगून जी शहाणी झाली होती, तिनेच पुढे हा उद्योग करावा, याला काय म्हणायचं?

पहिला टप्पा तयार झाला, ताई खेळायला बसली, आणि हमाल पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. ताई काठ सुटून गेल्यावर बटण दाबत होती आणि तिला ते कळत नव्हतं. बटण खराब आहे, ती म्हणाली. धाकटीने नवा कंट्रोलर आणला. ताईच्या मते त्याचंही बटण बिघडलेलंच निघालं. ते म्हणताना ती कुणाकडे बघत नव्हती. त्या रात्री जेवणं झाल्यावर धाकटीने गुपचूप हमालाला काठ सुटल्यावरही क्षणभर उडी घेता येईल असं केलं. सकाळी ताईने खड्डा ओलांडला आणि म्हणाली, आता बसलं बघ बटण. कितीतरी महिन्यांनी ती मोठ्याने हसली. आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

त्या हसण्याने घात केला. बोटांना बटण धरून ठेवणं जमेना, तेव्हा धाकटीने नुसत्या स्पर्शाला पूर्ण उडी दिली. हाताच्या कंपाने बटण दोनदा दाबलं जायला लागलं, तेव्हा तिने हमालाला दुसऱ्या वेळी बहिरं केलं. त्याचं पडणं सावकाश केलं, चालणं सावकाश केलं. इकडे ताईला वाटायचं, आपला हात आता चांगलाच बसला, गेम फार सोपा झाला. लोकांना काय झोपेत खेळायचंय का, असं म्हणून ती खड्डे रुंद करायची. धाकटी उडी पुन्हा सैल करायची. ताई पुन्हा रुंद करायची. कारखान्यातल्या मैत्रिणींना फोनवर सांगायची, अगं, माझ्याच गेममध्ये मला कुणी हरवू शकत नाही. बाहेरच्या कुणाला खेळायला देऊन बघू, असं ती म्हणाली की धाकटी काहीतरी कारण काढून टाळायची. शेवटी गेम तसाच लोकांपुढे गेला, आणि तोवर ताईला कंट्रोलर मांडीवर धरणंही जड व्हायला लागलं होतं.

जिन्यात उभ्या उभ्या धाकटीने ठरवलं की घरी कौतुक तेवढं वाचून दाखवायचं. बाकीचं गिळून टाकायचं.

पण आईच्या हौसेपुढे कुणाचं चालतं! त्या समीक्षकाने तेच सगळं बोलून व्हिडिओही केला होता आणि आईने तो केव्हाच टीव्हीवर लावून दिला होता. धाकटी दारात चप्पल काढत होती तेव्हाच आईने आनंदाची बातमी दिली, माणूस किती चांगला आहे, सगळं हसून हसून बोलत होता. धाकटी आत गेली. टीव्हीवर चित्र थांबवलेलं होतं. मोठ्या चौकटीत हमाल, आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत समीक्षकाचे कंट्रोलर धरलेले हात.

“त्याने दोनदा दाबलं,” ताई म्हणाली.

धाकटीने पर्स खाली ठेवली.

“हमाल एकदाच उडाला. मी आईला पुन्हा पुन्हा तेवढंच लावायला सांगितलं. माझ्याकडून तर नेहमीच दोनदा दाबलं जातं. मग माझा हमाल कसा कधी दोनदा उडाला नाही?”

धाकटीने काहीबाही सांगायला सुरुवात केली. त्या माणसाचा कंट्रोलर जुना असेल, व्हिडिओत आवाज आणि चित्र मागेपुढे होतं, वगैरे. चुकलेले टाके ताई खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखायची, तिला हे कुठून पटायला! तिने सगळं ऐकून घेतलं.

“कधीपासून?”

“पहिल्या खड्ड्यापासून.”

ताईने टीव्हीवरच्या त्या हातांकडे पाहिलं. तिचे हात मांडीवर थरथरत होते आणि या वेळी तिने ते पदराखाली घेतले नाहीत.

“म्हणजे मला लिंबूटिंबू केलंस,” ती म्हणाली.

धाकटीला रडू फुटलं. तू हसायला लागली होतीस, म्हणून केलं, एवढंच तिला बोलता आलं.

“मी हसत होते कारण मला वाटत होतं, अजून बोटं आहेत.” ताईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “सगळ्या जगाला सांगत सुटले मी. आणि तू शेजारी बसून ऐकत होतीस.”

त्या दिवशी ताई जेवली नाही. आईला काहीच उलगडा होईना. चांगलं बोललाय की तो, असं ती दोनदा म्हणाली आणि मग तिने ताट झाकून ठेवलं.

सकाळी ताईने धाकटीला बोलावलं आणि सांगितलं, काढ ते सगळं. जे जे म्हणून माझ्यासाठी केलंस ते काढ. धाकटीने सांगून पाहिलं की मग तुला स्वतःला खेळता येणार नाही.

“तो हमाल मला सांभाळायला नाही ठेवलेला,” ताई म्हणाली. “कपाट पोचवायला ठेवलाय.”

मग काम सुरू झालं. उडी मूळपदावर आली, आणि त्या उडीने एकही खड्डा पार होईना. तेव्हा खड्डे अरुंद करणं आलं. कुठल्या टप्प्यातल्या कुठल्या खड्ड्याचे किती चौकोन बुजवायचे, हे ताई डोळे मिटून सांगायची आणि धाकटी भरत जायची. ताईला सगळं तोंडपाठ होतं. पण एक खड्डा सांगितल्यावर दुसरा सांगायच्या आधी ती इतका वेळ घ्यायची की धाकटीचा जीव कासावीस व्हायचा. अजून राग गेला नाही, धाकटी मनाशी म्हणायची. आपण काही विचारलं की उत्तरही उशिराच येतं. असू दे, आपण त्याच लायकीच्या आहोत. ती मान खाली घालून चौकोन भरत राहायची.

सुट्टीच्या दिवशी दुपारी काम पुरं झालं. लोकांना देण्याआधी एकदा खेळून बघू, ताई म्हणाली. धाकटीने उशी ठेवून तिच्या मांडीवर कंट्रोलर दिला. ताईने बटणावर अंगठा ठेवला, आणि अंगठा तसाच राहिला. बटण खालीच जाईना. तिने दुसऱ्या हाताने रेटून पाहिलं. मग म्हणाली, तू घे, मी सांगते तिथे उडी मार.

धाकटी तिच्या खुर्चीला पाठ टेकून खाली बसली. हमाल कपाट घेऊन निघाला. बिजागरी कुरकुरली. पहिला खड्डा आला, धाकटीने बटण दाबलं आणि हमाल झोकात पलीकडे गेला. आता त्याची उडी कशी हमालासारखी दिसत होती, जड आणि नेमकी.

“आता,” ताई म्हणाली.

हमाल पलीकडे चार पावलं चाललाही होता.

“माझ्या आधी दाबलंस,” ताई म्हणाली. “पुन्हा घे.”

धाकटी मागे वळली. ताईचे ओठ हलले होते, ते तिने हमाल काठावर येण्याआधीच टीव्हीच्या काचेत पाहिले होते. शब्द मागाहून आला होता. इतके दिवस ती ज्याला राग समजत होती, तो राग नव्हताच. बोटांपाठोपाठ आता शब्दही उशिरा यायला लागले होते, आणि ते ताईला कळलेलं होतं. धाकटीला उठून तिला मिठी मारावीशी वाटली. ताईने हनुवटीने टीव्हीकडे खूण केली.

हमाल पुन्हा सुरुवातीपासून निघाला. काठ जवळ आला. धाकटीचा अंगठा बटणावर होता आणि तिने तो तसाच धरून ठेवला. काठ आला. काठ गेला. “आता,” ताई म्हणाली, आणि धाकटीने दाबलं. हमाल खाली चालला होता.

कपाटाचं दार उघडलं. आधी एक सदरा बाहेर आला, हात पसरून. मग फ्रॉक, मग दुलई, मग हरणांची नक्षी असलेला एक स्वेटर, ताईने कारखान्यात बसवलेली पहिली नक्षी. सगळे कपडे सावकाश गिरक्या घेत उतरत गेले. ताईने हे पडणं चितारायला एक अख्खा उन्हाळा घालवला होता. हात चालत होते तेव्हाचं तिचं शेवटचं काम. आणि धाकटीने हमालाला पडूच दिलं नव्हतं, म्हणून या घरात ते कुणी धड पाहिलंच नव्हतं. शेवटी एकटा मोजा आला. तो इकडे तिकडे झुलत तळाशी गेला आणि हमालाच्या पोटावर पडला.

ताई बघत होती. तिच्या तोंडावर जे होतं त्याला हसू म्हणायला धाकटीची हिंमत झाली नाही. पडद्यावर सगळं निपचित झालं, बिजागरीही गप्प झाली, तरी ताईचे ओठ काहीतरी जुळवत होते.

“बाद,” ती म्हणाली.

धाकटीने डोळे पुसले आणि मान हलवली. थोड्या वेळाने मागून “पुन्हा” आलं. तिने हमालाला परत डावीकडे नेऊन उभं केलं, अंगठा बटणावर ठेवला आणि ताईच्या शब्दाची वाट बघत त्याला चालू लागू दिलं.