राणीच्या चष्म्यासाठी दीडशे वर्षं

स्टुडिओत सगळे तिला केसमावशी म्हणत. बावीस वर्षं ती मालिकांमधल्या बायकांचे केस करत होती, आणि सध्याच्या मालिकेतल्या राणीचे केस हे तिचं सर्वांत गाजलेलं काम होतं. मालिका मध्ययुगातल्या युरोपमधल्या एका राज्याची. राणी घोड्यावरून पडली, किल्ल्याला आग लागली, बारा वर्षं ती तळघरात कैदेत होती. तरी तिचे कमरेपर्यंतचे मोकळे केस नुकतेच धुऊन वाळवल्यासारखे भुरभुरत. तळघरात वारा कुठून येतो, असं कोणी विचारत नसे. वारा केसमावशीच आणायची, कॅमेऱ्यामागे टेबलफॅन धरून.

विचारलं ते एकाच माणसानं. इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी वाहिनीला त्रेचाळीस पत्रं लिहिली. पहिल्या पत्रात फक्त केस होते. पुढे राजाच्या अंगरख्याची चेन आली, सेनापतीची मशीननं कोरलेली दाढी आली, दासीच्या दंडावरचा लशीचा वण आला. त्रेचाळिसावं पत्र वाहिनीच्या मालकांच्या सासूबाईंच्या हाती पडलं आणि त्यांना ते अक्षर न् अक्षर पटलं. आता प्राध्यापकांचं तोंड बंद करायचा एकच मार्ग उरला. त्यांना ऐतिहासिक सल्लागार नेमलं.

तोंड काही बंद झालं नाही. पहिल्याच दिवशी सकाळी साडेसातला सर मेकअपच्या खोलीत येऊन उभे राहिले.

"हे काय?" त्यांनी राणीच्या डोक्याकडे बोट दाखवलं.

"केस," केसमावशी म्हणाली.

"ते दिसतंय. का दिसतंय?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. ही गोष्ट ११९० सालची. तेव्हा तिथल्या लग्न झालेल्या बाईचे केस चारचौघांत दिसत नसत. डोक्यावरून, गालांवरून, हनुवटीखालून पांढरं कापड. उघडे काय ते डोळे, नाक आणि तोंड.

"मग मी काय करू?" केसमावशीचा आवाज चढला. "कापडाला कंगवा फिरवू?"

सर कठोर होते, पण दुष्ट नव्हते. त्यांनी जरा विचार केला. "कापडाखालच्या वेण्या बरोबर हव्यातच," ते म्हणाले. "आत वेणी चुकली की मान चुकीची हलते."

त्या दिवसापासून केसमावशी रोज अडीच तास राणीच्या वेण्या घालायची. चार पेडांच्या, फितीत गुंफलेल्या, डोक्याभोवती फिरवून आणलेल्या. इतकं देखणं काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. ते पुरं झालं की एका मिनिटात त्यावर कापड बांधून टाकायची आणि कोपऱ्यात जाऊन पाणी प्यायची. टेबलफॅन नुसताच पडून होता.

आठवड्याभरात सेटवरच्या सगळ्या लग्न झालेल्या बायका सारख्याच दिसू लागल्या. राणी, राजाची बहीण, शत्रूची बायको, सगळ्या पांढऱ्या कापडात. "राणी कोण आहे तिनं हात वर करा!" असं ओरडूनच दिग्दर्शकाला शूटिंग सुरू करावं लागे. त्यातच सरांनी नवा नियम काढला, की चुकून एखादा चुकीच्या शतकातला माणूस कॅमेऱ्यात यायला नको, म्हणून सेटवर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकानं त्या काळचेच कपडे घालायचे. चहावालाही झग्यात फिरू लागला.

आणि एके दिवशी केसमावशी घराची किल्ली नणंदेकडे विसरली.

किल्ली घेऊन तिच्या थोरल्या नणंदबाई आल्या. नणंदबाई निवृत्त मुख्याध्यापिका, वय त्रेसष्ट. पंचवीस वर्षांत भावजयीचं एकही काम त्यांच्या पसंतीला उतरलं नव्हतं. दारावरच्या माणसानं नियमाप्रमाणे त्यांना पायघोळ झगा चढवला, डोक्याला कापड गुंडाळलं. चष्मा काढायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. भावजयीला शोधत त्या दरबारात शिरल्या. गुडघे दुखत होते. खुर्ची एकच होती, उंच आणि सोनेरी. त्या बसल्या.

खरी राणी तेव्हा बाहेर गाडीत बसून फोनवर बोलत होती. इकडे दिवे लागले. राजा आठ मंत्र्यांना घेऊन आत आला आणि गुडघ्यावर बसला.

"राणी! शत्रू सीमेवर येऊन ठेपला आहे!"

नणंदबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मग इथे काय करताय? उठा आधी. सगळ्यांनी एका रांगेत उभं राहायचं. तुम्ही, दाढीवाले, खिशातून हात बाहेर!"

आठही मंत्री मुकाट रांगेत उभे राहिले. सेनापतीनं खिशातून हात काढला. सर मागून किंचाळले, "झग्याला खिसा? कोणी शिवला तो खिसा?" पण ते कोणाला ऐकू गेलं नाही, कारण दिग्दर्शक उभा राहून टाळ्या वाजवत होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याचा प्रसंग एका टेकमध्ये झाला होता.

चूक कळली तेव्हा केसमावशी धावत पुढे आली. "वन्सं, अहो, उठा तिथून!"

"थांब गं, यांना अजून नीट उभं राहता येत नाहीये," नणंदबाई म्हणाल्या.

तो भाग तसाच दाखवला गेला आणि लोकांनी उचलून धरला. राणी एकदम म्हातारी कशी झाली, याचं कोणाला काही वाटलं नाही. राज्य चालवणं सोपं नसतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. आधीची राणी दोन दिवस रडली. मग तिला दुसरी मालिका मिळाली. तिथे ती शल्यविशारद होती आणि मोकळ्या केसांनी ऑपरेशनं करायची.

झोप उडाली ती फक्त सरांची. तीन दिवस ते ग्रंथालयात बसले. चौथ्या दिवशी डोळे लाल करून आले.

"चष्मा चालणार नाही. चष्मा शंभर वर्षांनी आला."

"चष्म्याशिवाय मला मंत्री कुठला आणि खांब कुठला ते कळत नाही," नणंदबाई म्हणाल्या.

मग दिग्दर्शक हळूच म्हणाला, "चष्मा मागे आणता येत नसेल, तर गोष्ट पुढे नेऊ या?"

सरांचा चेहरा उजळला. "शंभर नको, दीडशे धरा. आपल्या राज्यापर्यंत चष्मा पोचायला वेळ लागणारच."

सोमवारच्या भागात पडद्यावर अक्षरं आली: 'दीडशे वर्षांनंतर'. राणी तीच, राजा तोच, मंत्री त्याच रांगेत आणि शत्रू सीमेवरच. शत्रूच्या चिकाटीचं कौतुक करणारी पत्रं वाहिनीला आली.

तरी सरांचं समाधान झालं नव्हतं. "चष्म्याला काड्या आहेत. काड्या अजून चारशे वर्षं यायच्या नाहीत."

आणखी चारशे वर्षं म्हणजे राजा, किल्ला, सगळंच मोडीत. तेव्हा कोपऱ्यातून केसमावशी पुढे आली.

"सर, त्या सालात कानाजवळच्या वेण्या दिसत होत्या का?"

सरांनी वही उघडली. "दिसत होत्या. दोन्ही गालांशी, उभ्या."

"मग काड्या कापा. चष्मा मी वेण्यांना बांधते."

मेकअपच्या खोलीत नणंदबाई आरशासमोर बसल्या. केसमावशीनं त्यांच्या डोक्याला पहिल्यांदाच हात लावला; आजवर कापड त्या स्वतःच गुंडाळून येत. केस पांढरे होते, विरळ होते. नणंदबाईंनी आरशातून नजर वळवली.

"फार कमी आहेत ना?"

"पुरतील, वन्सं." तिनं पेड घेतले, भिंगांच्या कडेला रेशमाचा दोरा ओवला आणि तो वेणीत असा गुंफला, की चष्मा नाकावर आपोआपच बसल्यासारखा दिसावा.

"घट्ट बांध. सैल मला चालत नाही."

"घट्टच बांधलंय."

नणंदबाईंनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. चष्मा जागचा हलला नाही. "बरं झालंय," त्या म्हणाल्या, आणि केसमावशीच्या हातातला कंगवा खाली पडला.

त्या आठवड्यात राणीच्या दोन पांढऱ्या वेण्या घरोघरच्या टीव्हीवर दिसल्या. पुढच्या रविवारी सकाळी केसमावशीच्या घराचं दार वाजलं. बाहेर नणंदबाई उभ्या.

"वन्सं, आज शूटिंग नाहीये."

"माहीत आहे मला." त्या आत आल्या, खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि पाठमोऱ्या बसून केस सोडले.