मला उचलून तपासू नका

सकाळी साडेनऊच्या सुमारास, पुलावरून उतरताना, मी दगडी कठड्याला घासले. एक आरसा गेला, पुढच्या दारावर लांब ओरखडा उमटला. माणसांना काही झाले नाही. स्टीअरिंगवर घरातली थोरली लेक होती. तिने चाक वेळेवर फिरवले होते. मी उशिरा वळले.

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. मला बोलता येत नाही, त्यामुळे माझ्याविषयी घरात जे काही ठरते ते माझ्यावाचूनच ठरते. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावरही तसेच ठरले. खिडकी उघडी होती आणि मी खिडकीखालीच उभी होते.

"एका हातानं धरलं असशील," बाबा म्हणाले.

"दोन्ही हात होते बाबा. चाक फिरवलं, गाडी फिरली नाही. मग एकदम फिरली."

"गाडी एकदम फिरत नसते. माणूस फिरवतो तेव्हा फिरते."

"म्हणजे सकाळी पुलावर मी फुगडी घालत होते."

"जेवताना गाडी नको," आई म्हणाली. "ती बाहेर उभी आहे तेवढी पुरे."

पण बाबांचे बोलून व्हायचे होते. "डोंगरातल्या रस्त्यावर मी तुझ्या हातात गाडी देणार नाही. संपलं."

हे ऐकून लेकीचा घास हातातच राहिला. ती फिजिओथेरपिस्ट आहे. पडलेली, शस्त्रक्रिया झालेली, अंथरुणाला खिळलेली माणसे उठवून चालती करणे हे तिचे काम. पुढच्या महिन्यापासून तिला डोंगरापलीकडच्या गावांत घरोघरी जायचे होते. तिकडे दिवसातून एकच बस जाते आणि ती परत यायच्या आत लेकीचे निम्मे रुग्णही पाहून होणार नाहीत. मी नाही, तर ते काम नाही. आणि मी आहे अशीच गेले, तर त्या रस्त्यावरच्या वळणांना कठडेसुद्धा नाहीत. दोष लेकीच्या हातात नाही, माझ्यात आहे, हे घरात फक्त मला ठाऊक होते. मला बोलता येत नाही, हे मी वर सांगितलेच आहे.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी एका बोटाने वळत असे. बाबा तेव्हा बस चालवायचे. दिवसभर ते अजस्र चाक ओढून आले की माझ्यात बसायचे आणि म्हणायचे, "ही नुसती मनात आणलं तरी वळते." शेजारी येऊन माझ्या दारावर हात फिरवून जात. आईला मागे बसल्या बसल्या झोप लागे. पुढे नव्या गाड्या आल्या, माझे धुणे आठवड्यावरून महिन्यावर गेले, मग ते पावसावर सोपवण्यात आले. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. गाडी म्हातारी होणारच. वाईट वाटते ते पुढच्याचे.

मी ढिली होऊ लागले तेव्हा मला गॅरेजात नेण्यात आले. मेकॅनिक भला माणूस, हाताने पक्का. तो गाडी चालवायला बाबांकडेच शिकला, म्हणून आजही त्यांना गुरुजी म्हणतो. त्याने मला जॅकवर उचलले. चाके हवेत लटकली. त्याने एकेक चाक धरून हलवले, ठोकून पाहिले, कान लावला.

"काही नाही गुरुजी. घट्ट आहे."

घट्ट असणारच! मित्रांनो, स्टीअरिंगचा दांडा खाली जिथे संपतो तिथे एक आडवी नळी असते. तिला रॅक म्हणतात. तीच पुढची दोन्ही चाके वळवते. ही रॅक दोन बुशांत, म्हणजे जाड रबरी कड्यांत, धरून माझ्या सांगाड्याला आवळलेली असते. माझ्या इंजिनातून ठिबकणारे तेल वर्षानुवर्षे त्यातल्या एका बुशावर पडत होते. रबर फुगले, मऊ पडले. चाके रस्त्यावर असली आणि त्यांना वळवायला जोर लागला, की चाके वळायच्या आधी रॅकच जागची सरकायची. चाके हवेत असली की जोरच नाही. मग ती कशाला सरकेल? शिवाय सकाळच्या गारव्यात रबर जरा कडक असे. इंजिन तापले की पुन्हा लिबलिबीत; पुलावर पोहोचेपर्यंत मी तापले होतेच. मला गॅरेजात नेत ते मात्र सकाळी, गार असताना, आणि नेले की पहिले काम उचलायचे.

मग टायर बदलले. मग चाकांचा तोल, चाकांची दिशा. मग चाकांकडे जाणाऱ्या दोन्ही दांड्यांची टोके नवी बसवली. जुनी टोके माझ्यापेक्षा बरी होती हो! ताप डोक्यात आणि लेप पायाला, असा प्रकार.

आणि प्रत्येक वेळी शेवटी चाचणी. ती कोण घेणार याबद्दल त्या गॅरेजात कधी चर्चाच झाली नाही. गुरुजी असताना दुसरा कोण बसणार? बाबा बसायचे, चौकापर्यंत जाऊन यायचे, उतरून म्हणायचे, "सरळ चालते." मेकॅनिक मान डोलवायचा. आणि मी खरोखरच सरळ चालत असे, कारण बाबा मला सरळ चालवत. माझी ढिलाई जसजशी वाढली तसतसे त्यांचे हात शिकत गेले. चाक किंचित एका बाजूला ओढून धरायचे. वळण यायच्या आधीच वळवायला घ्यायचे. त्यांना ते कळतही नव्हते. सगळ्या शहरात ज्याच्या हाताखाली माझा दोष दिसणार नाही असा एकच माणूस होता, आणि मला तपासायचा मान त्याचाच.

रविवारी दुपारी लेक मला गॅरेजात घेऊन गेली, म्हणजे बाबांनी चालवले आणि ती शेजारी बसली. गाडी तापलेलीच दाखवायची म्हणून शहराला वळसा घालून जाऊ असा हट्ट तिने धरला होता. मी चांगली तापले होते. मेकॅनिकने सवयीने जॅक ओढला.

"काका, उचलू नका," ती म्हणाली.

"अगं, न उचलता दिसणार काय?"

"माझ्याकडे गुडघेदुखीची माणसं येतात. आडवं झोपवून गुडघा बघितला की छान हलतो. उभं केलं, भार दिला, की तोंड वेडंवाकडं होतं. हिला उभी असतानाच बघा."

"गाडीला गुडघा असतो होय?" बाबा म्हणाले.

"तुमच्यापेक्षा बरे आहेत तिचे. खड्डा कुठाय काका?"

खड्डा होता. गाडी वर उभी करून खाली उतरून काम करायचा सिमेंटचा खड्डा. त्यावर फळ्या टाकून इतके जुने टायर रचले होते की मेकॅनिकलाही तो आठवावा लागला. टायर हलवले, मला त्यावर उभे केले. लेक विजेरी घेऊन खाली उतरली.

"बाबा, चाक थोडंसं इकडून तिकडे हलवा. हलवत राहा."

बाबांनी हलवले. "काही नाही," ते वरून म्हणाले.

लेकीने विजेरी रॅकवर रोखली. मग म्हणाली, "काका, तुम्ही या."

मेकॅनिक उतरला. त्याने पाहिले आणि जीभ चावली. रॅक बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकत होती, आणि चाके जिथल्या तिथे.

"गुरुजी, तुम्ही उतरून बघा."

बाबांचे गुडघे खरोखर वाईट आहेत. एकेक पायरी बसत, कुरकुरत ते खाली गेले. लेक वर येऊन बसली आणि चाक हलवू लागली. बाबांनी सरकणाऱ्या रॅकवर बोट ठेवून पाहिले.

"हे मला हाताला कसं लागलं नाही?"

मेकॅनिक हात पुसत राहिला.

"विचारतोय मी."

"गुरुजी, तुम्ही चाक डावीकडे ओढून धरता. वळणाआधीच वळवता. केव्हापासून बघतोय मी."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुम्हाला? गाडी कशी धरायची ते? मी?"

मित्रांनो, बॉनेट आपटून हसावे की हॉर्न वाजवून रडावे ते मला कळेना. टायर गेले, दांड्यांची टोके गेली, आरसा गेला, एका शहाण्या मुलीवर निष्काळजीपणाचा ठपका बसला, आणि हा गृहस्थ आदर बाळगून होता! आम्हा यंत्रांचा आदर करायची गरज नसते आणि आमच्या मालकांचाही, निदान गॅरेजात तरी, नसते. गाडी वेडीवाकडी चालते असे कोणी सांगितले तर आधी त्याचे हात तपासू नका. ज्या वेळी बिघडते त्या वेळी, ज्या जमिनीवर बिघडते त्या जमिनीवर तिला उभी करा आणि खाली वाका. एवढीच माझी विनंती आहे. ती करायला मला एक कठडा लागला.

आज दुपारी तेलाची गळती बंद केली आणि दोन्ही बुश नवे बसवले. मेकॅनिकने मला खड्ड्यावरून ढकलून दारात आणले आणि इंजिन चालू केले. चाचणी बाकी होती. बाबा नेहमीप्रमाणे माझ्या उजव्या दाराशी आले.

"बाबा," लेक म्हणाली, "आता ती लगेच वळेल. तुम्ही आधीच वळवाल."

"तीस वर्षं बस चालवलीय मी."

"म्हणूनच म्हणते."

बाबांनी मेकॅनिककडे पाहिले. मेकॅनिकने या वेळी मान डोलवली नाही. बाबांनी स्वतःचे दोन्ही हात हवेत चाक धरल्यासारखे वर केले. डावा हात खाली ओढला गेला. त्यांनी तो वर आणला. तो पुन्हा खाली गेला.

इंजिन चालू आहे. माझी पुढची दोन्ही दारे उघडी आहेत. आत अजून कोणी बसलेले नाही.