कुलपातलं इंजेक्शन

चौथीतल्या त्या मुलीच्या पोटात शेंगदाण्याचा कण जरी गेला तरी घसा सुजून श्वास अडायचा. यापायी दोन शाळा सुटल्या होत्या. या तिसऱ्या शाळेत पाठवायचं की घरीच शिकवायचं, हे तिची आई आज ठरवणार होती. म्हणून ती शिक्षकांच्या खोलीत मागे बसून प्रशिक्षण पाहत होती.

असा श्वास अडला की लगेच मांडीत टोचायचं इंजेक्शनचं पेन भाऊसाहेबांच्या, म्हणजे शाळेच्या कारकुनाच्या ताब्यात राहणार होतं. सत्तावीस वर्षांत त्यांच्या कपाटातून खडूची पेटीसुद्धा सहीशिवाय बाहेर पडली नव्हती.

"करा सुरुवात," म्हणत शिकवायला आलेल्या सिस्टरांनी घड्याळ लावलं. पीटीचे सर त्या मुलीच्या जागी, गळा धरून सतरंजीवर आडवे झाले.

भाऊसाहेब धावले. किल्ली शोधली, कुलूप काढलं, बिनसुईचं सरावाचं पेन घेतलं आणि सवयीने रजिस्टर मुख्याध्यापिका बाईंपुढे धरलं. बाईंनीही सवयीने चष्मा चाचपला.

"भाऊसाहेब, मी केव्हाच वर पोचलो," सर खालून म्हणाले. "आता दोन मिनिटं शांत उभे राहा."

सगळे खो खो हसले. सिस्टर तेवढ्या हसल्या नाहीत. "चार मिनिटं गेली," त्या म्हणाल्या.

मागे आईने पर्स खांद्याला अडकवली. भाऊसाहेबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"पुन्हा करू," ते म्हणाले. या खेपेला कपाट उघडंच ठेवलं होतं.

"नोंद?" बाईंनी विचारलं.

"मागाहून, बाई."

त्यांनी पेन सरांच्या मांडीला बाहेरच्या बाजूने, पँटवरूनच दाबलं आणि दहापर्यंत मोजलं. सर उठायला लागले, तसं त्यांनी खांदे धरून खाली रेटलं. "पडून राहा म्हटलं ना! उभं राहिलं की जिवावर बेततं. बाई, ॲम्ब्युलन्सला फोन!"

बाईंनी खरंच फोन उचलला, मग ओशाळून खाली ठेवला.

"पेन कुठे ठेवणार?" आईने विचारलं.

"दाराजवळ, खिळ्याला. पिशवीत."

"अहो, पोरं हात लावतील," बाई म्हणाल्या.

"लावतील तर ओरडेन. कुलूप नाही."

आईने पर्स खांद्यावरून उतरवली. "सोमवारी आणते तिला. पण पहिला आठवडा मी फाटकाशी बसणार."

"बसा," भाऊसाहेब म्हणाले. "मलाही बरं वाटेल."