मुठीवरची पट्टी

"भाऊजी, कडी काढा की! ताई आलीय गाडीत, बाजाराला निघालीय," मेव्हणा बाहेरून ड्रायव्हरच्या केबिनच्या दारावर थापा मारत होता.

"तिला नीट बसव. मला कामात त्रास देऊ नकोस," ड्रायव्हर आतून ओरडला.

मेव्हणा या गाडीचा कंडक्टर. पूर्वी दोघे दार सताड उघडं ठेवून गावभरच्या गप्पा हाणायचे. हल्ली ड्रायव्हर आतून कडी लावून घेत होता आणि मेव्हण्याला वाटत होतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

गाडी म्हणजे तरी काय, वरच्या तारेतल्या विजेवर रुळांवरून धावणारा एकुलता एक डबा. चढावर कण्हायची, उतारावर खडखडायची, वेळेवर आली तर लोकच दचकायचे. तिच्याआधी तिचा आवाज घरात पोचायचा, म्हणून वाटेवरच्या गावांनी तिचं नाव आत्या ठेवलं होतं.

आत्या चालवायची तर उजव्या हाताने हँडलची मूठ सतत दाबून धरावी लागे. मूठ सुटली की वीज तुटायची आणि ब्रेक आपोआप लागायचा. ड्रायव्हरला भोवळ आली तरी माणसं वाचावीत, म्हणून केलेली ही सोय. पण आताशा ड्रायव्हरच्या हातातलं बळच जाऊ लागलं होतं. दोनदा मूठ सुटली आणि दोनदा आत्या शेतांमध्ये मधेच बसली. "आत्या थकली," लोक म्हणाले. साहेब म्हणाले, भंगारात काढू. ड्रायव्हरने अवाक्षर काढलं नाही. गाडीशिवाय आपण कोण, या विचाराने त्याची गाळण उडाली होती. मनगट लचकल्याची थाप मारून त्याने बायकोकडून जाड कापडाची पट्टी शिवून घेतली. कडी लागली की तो त्या पट्टीने हात मुठीला आवळून बांधायचा. त्यानंतर आत्या एकदाही बसली नाही. त्याची झोप मात्र उडाली.

टेकडीचा उतार लागला आणि त्याचा डावा हात खांद्यापासून बधिर झाला. छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं झालं. ब्रेकचा दांडा डावीकडे, आणि तो हात उचलेना. उजवा बांधलेला. वीज बंद करून उपयोग नव्हता, उतारावर आत्या आपल्या वजनानेच धावत होती. खाली वळण, वळणापलीकडे फाटक. हाक मारावी तर आवाज फुटेना. आपण मेलो तरी हात मुठीवरच राहणार, हे त्याला कळलं. मागे बायको बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन.

त्याने वाकून गाठ दातांत धरली. सुटेना. पट्टी फाटेना. "दुहेरी टीप मारलीय, जन्मात उसवायची नाही," असं ती हसून म्हणाली होती. तो रडत ओढत राहिला. ओठ फाटला, तोंडात रक्त आलं. वळण अगदी समोर आलं, तेव्हा कुठे गाठ ढिली झाली आणि हात मुठीवरून निसटून खाली पडला.

आत्या किंचाळली, घसटत गेली आणि वळणाच्या अलीकडे थांबली.

"बसली परत! काढा एकदाची भंगारात," मागे कुणीतरी करवादलं.

त्याने कोपराने कडी सरकवली. मेव्हण्याने त्याला कवेत धरलं.

"आत्या नाही रे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तेव्हाही नव्हती. माझा हात सुटत होता."

मेव्हणा फाटकाकडे मदत आणायला पळाला. इतकी वर्षं आत्या चालवली, पण तिच्या बाकावर ड्रायव्हर कधी बसला नव्हता. बायकोने त्याला खिडकीशी बसवलं. त्याच्या मनगटावर लोंबणारी पट्टी तिने पाहिली, मग उघड्या दारातून हँडल पाहिलं.

"लचकलं नव्हतं ना?"

"नव्हतं," तो पुटपुटला.

तिने पट्टी सोडवून पिशवीत टाकली आणि त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला. त्याची बोटं अजून मूठ दाबायला धडपडत होती.

"थांबलीय गाडी," ती म्हणाली. "सोडा आता."

बोटं सुटायला बराच वेळ लागला.