सगळ्यात हळू चालणारा

"काका, परत नाडी?" मागून शिवणबाईंनी विचारलं.

मी वाटेच्या कडेला दगडावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत होतो. नाडी सुटलेली नव्हती. ती मीच सोडली होती आणि आता अगदी सावकाश, फास जुळवून बघत बांधत होतो. माझ्या मागे बावीस पोरंपोरी, धाकटे फादर आणि शाळेत शिवण शिकवणाऱ्या त्या बाई, अशी सगळी रांग मुकाट्याने थांबली होती. मला ओलांडून पुढे जायची कुणालाच मुभा नव्हती.

हा नियम माझ्यामुळेच झाला होता. यात्रेच्या पहिल्याच दिवशी मी एवढा मागे पडलो, की मंडळी मुक्कामाला पोहोचून, आंघोळी उरकून माझी वाट बघत बसली. माझा तरी काय दोष? अठ्ठावीस वर्षं मी इस्पितळाच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून काढली आहेत. वर जायचं, खाली यायचं, पुढे चालायचा प्रसंग नोकरीत कधी आलाच नाही. त्या संध्याकाळी फादरांनी जाहीर केलं, की उद्यापासून सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे राहील आणि बाकीचे त्याच्या मागून चालतील, म्हणजे कुणी एकटं पडणार नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी परदेशात येऊन आयता पुढारी झालो. गटाची प्रमुख माझी थोरली मुलगी. त्यामुळे माझ्या लगेच मागे ती असायची.

खरं म्हणजे चर्चच्या तरुणांच्या यात्रेत माझं काही काम नव्हतं. पण गटाबरोबर दोन वडीलधारी माणसं हवी होती. शिवणबाई ठरल्या होत्या, आणि दुसऱ्या जागेसाठी मी नाव दिलं तेव्हा सगळ्यांनी भुवया उंचावल्या, कारण मी चर्चमध्ये रविवारच्या मिस्सालाही, म्हणजे मोठ्या प्रार्थनेलाही, शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसणारा माणूस. विमानात चढलो तेव्हासुद्धा सवयीने दाराशीच उभा राहिलो आणि येईल त्याला आत सरकायला सांगू लागलो. शेवटी हवाईसुंदरीने दंडाला धरून मला जागेवर नेऊन बसवलं. पोरं हसून हसून बेजार झाली. थोरलीने खिडकीकडे तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते.

नाव देण्याचं कारण वेगळंच होतं. निघण्याच्या महिनाभर आधी भाजी निवडता निवडता बायकोने मला सांगून टाकलं, की थोरलीला सिस्टर व्हायचं आहे. मठात जायचं आहे, कायमचं. यात्रा जिथे संपते त्या डोंगरावरच्या मोठ्या चर्चमध्ये एकदा प्रार्थना करते आणि तिथेच काय ते नक्की सांगते, असं ती फादरांना म्हणाली होती. बायकोला हे ठाऊक होतं, धाकटीला ठाऊक होतं, शेजारच्या काकूंनासुद्धा कुणकुण होती. मला तेवढा पत्ता नव्हता. दोन दिवस मी घरात कुणाशी बोललो नाही आणि तिसऱ्या दिवशी जाऊन यात्रेला नाव दिलं. वाटेत तिला समजावू, असा माझा बेत होता.

पण समजावणार कसं? मी पुढे, ती मागे. समोरच्याचा चेहरा दिसल्याशिवाय मला बोलायला सुचत नाही, आणि वळून बोलायला जावं तर ठेच लागते. चौथ्या दिवशी दुपारी, एका लांबलचक शेताच्या कडेने जाताना, मी समोर बघतच विषय काढला.

"आईने सांगितलं मला."

"माहीत आहे. तुम्हाला सांगितलं, हे आईने मला सांगितलं."

"घरात काही कमी पडलं का गं तुला?"

मागे तिची काठी जरा जोरात आपटली.

"कमी पडलं असतं तर लग्न करून कधीच गेले असते, बाबा. दोन स्थळं तुम्ही आणलीच होती. मला मठात बरं वाटतं. त्या सगळ्या पहाटे गायला बसतात ना, त्यांच्यात जाऊन बसले की कुठे जायचं राहिलंय असं वाटतच नाही."

"आणि आम्ही काय करायचं?"

"ते मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर अजून हो म्हटलेलं नाही. उद्या वर पोहोचल्यावर सांगणार आहे."

उद्या वर पोहोचल्यावर. ते शब्द मी मुक्कामापर्यंत घोळवत राहिलो. बाराच्या मिस्साला दरवाजे बंद होणार, नंतर कुणाला आत घेणार नाहीत, आणि तीन वाजता पायथ्याशी बस येऊन आम्हाला थेट विमानतळावर नेणार. म्हणजे उशीर झाला तर वर जाणंच होणार नाही. आणि वर गेलीच नाही, तर नक्की तरी काय सांगणार? माझ्या मनात पाप आलं ते असं. एवढी मोठी रांग माझ्या पायांच्या मुठीत होती म्हणा ना.

म्हणून आज सकाळपासून माझी नाडी सुटत होती. मग पाणी प्यायचं होतं. मग टोपी काढून घाम पुसायचा होता. एका कुंपणाशी थांबून मी कुणाच्या तरी गाईचं तोंड भरून कौतुक केलं. कुणी कुरकुर केली नाही. उलट पायाला फोड आलेली एक मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही पुढे आहात म्हणून माझं निभावतंय." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी लंगडत राहिलो.

आताही मी नाडीशी चाळा करत होतो, तेव्हा शिवणबाई रांग सोडून माझ्या बाजूला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काल तुमचा डावा गुडघा दुखत होता. आज उजवा पाय ओढताय."

"दोन्ही दुखतात," मी म्हणालो.

"दुखतंय ते कुठे, ते मला कळतंय. पण अकरा वाजून गेलेत, आणि अख्खा डोंगर बाकी आहे."

मी मागे वळून पाहिलं. थोरलीला सगळं कळलं होतं, यात शंका नव्हती. गटप्रमुख म्हणून तिने एका शब्दाने मला बाजूला बसवलं असतं. पण ती काठीवर हात ठेवून उभी होती आणि वरच्या चर्चच्या मनोऱ्याकडे बघत होती. मागची पोरं गात होती, त्यांच्या गाण्यावर तिचे ओठ हलत होते. असे चेहरे मी लिफ्टमध्ये पुष्कळ पाहिले आहेत. आमच्याकडे पाचव्या मजल्यावर बाळंतिणींचा वॉर्ड आहे. नवं बाळ बघायला निघालेली माणसं अशीच वर बघत, मजल्याचे आकडे वाचत उभी असतात. अशांना मी वाटेत कधी थांबू दिलं नाही. मधल्या मजल्यावर कुणी बटण दाबलं तरी नियम मोडून त्यांना सरळ वर नेलं आहे. आणि पोटच्या पोरीला मात्र एका नाडीवर अडवून ठेवलं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

नाडीला गाठ मारून मी उभा राहिलो. "आत सरका, दार लावतोय," मी मोठ्याने म्हणालो आणि चढायला लागलो.

पहिल्या वळणावर मी ओरडलो, "पहिला मजला, अपघात विभाग." पोरांना एवढंच हवं होतं. दुसरं वळण येताच बावीस गळ्यांनी विचारलं, दुसऱ्यावर काय? हाडांचा विभाग, म्हणून सांगितलं, तर सगळी गुडघे धरून विव्हळायला लागली आणि हसत हसत चढत राहिली. शेजारून चाललेल्या कुठल्याशा दुसऱ्याच देशाच्या गटाला काही कळलं नाही, पण तिसऱ्या मजल्याला तेही आमच्याबरोबर ओरडले. धाकटे फादर तर टोपी उडवत होते. आता माझे दोन्ही गुडघे खरोखरच दुखत होते, पण पाय थांबेनात. इतका आनंद मला का होत होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

"बाबा, हळू," थोरली मागून धापा टाकत म्हणाली. "सगळे मागे पडतायत."

बाराला पाच मिनिटं असताना आम्ही चर्चच्या दाराशी पोहोचलो. आवारात झेंडेच झेंडे, आणि जो तो आपापल्या भाषेत गात होता. मी दाराशी थांबलो, तशी नियमाप्रमाणे रांगही थांबली. मी एका बाजूला सरलो.

"जा," मी तिला म्हणालो. "फादरांना काय सांगायचं ते सांग."

"आधी तुम्ही, बाबा. नियम आहे."

"लिफ्टमन आधी उतरत नाही गं. माणसं उतरतात."

तिने माझा घामेजलेला हात दोन्ही हातांत घेतला, घट्ट दाबला आणि सोडला. मग ती आत गेली. चार दिवसांत पहिल्यांदाच मला तिची पाठ दिसली. पिशवीचा एक पट्टा खांद्यावर पिरगळला होता. सरळ करावा म्हणून मी हात पुढे केला, पण तोवर ती गर्दीत बरीच पुढे निघून गेली होती.