मेंढीच्या गळ्यातलं मेण

सासूबाईंच्या छातीत साठलेलं पाणी काढलं, त्यातल्या पेशी मेणाच्या वडीत बसवल्या आणि ती वडी दवाखान्याने आमच्याच हातात ठेवली. आगपेटीहून लहान प्लास्टिकची चौकट, आत मेण, मेणात एक फिक्कट ठिपका.

"गाठ फुप्फुसाची आहे," डॉ. प्रियदर्शनी म्हणाल्या. "ह्या पेशींची जनुकीय तपासणी करू. ठरावीक बदल सापडला तर रोजची गोळी लागू पडेल. नाहीतर सलाईनची औषधं, आणि ती ह्यांना झेपतील असं वाटत नाही." उद्या वडी संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत पोचवायची होती.

आमच्या गावी, धावड्याला परतताना सासूबाईंनी विचारलं, "जनुक म्हंजी?"

"खानदानात चालत येतं ते. आपल्या मेंढरावानी," माझे पतिराज सुग्रीव म्हणाले. अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायची त्यांना हौसच आहे. सासूबाई खिडकीबाहेरच्या कपाशीकडे बघत राहिल्या.

रात्री भिंतीतल्या देवळीत ठेवलेली वडी सकाळी तिथे नव्हती. सासूबाई ओसरीवर डोळे अर्धे मिटून बसल्या होत्या.

"आत्या, वडी कुठंय?" मी सासूबाईंना विचारलं.

"उतरवून टाकली."

आमच्या घरात पीडा उतरवायची तर तिची खूण चिंधीत गुंडाळून म्हाताऱ्या मेंढीच्या गळ्यात बांधतात आणि मेंढी कळपात सोडून देतात. कळप तर केव्हाच माळावर गेल्ता.

"पण का?"

"खोट निघाली तं वर्षाराणीचं लगीन मोडंल. खोटीच्या मेंढीचं कोकरू कोणी घेतं का?"

वर्षाराणी माझी लेक. तिचं जमत आलं होतं. मला असा संताप आला! "माझ्या पोरीच्या लग्नापायी तुम्ही मरणार का, आत्या?"

"मंग कोणापायी मरू?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी तशीच माळावर धावले. धुकं अजून उठलं नव्हतं. घुंगरं वाजत होती, मेंढ्या मात्र दिसत नव्हत्या. मग पांढऱ्यातून एकेक तोंड बाहेर येऊ लागलं. मी प्रत्येकीच्या गळ्यात हात घालायची. ओली, ऊबदार लोकर, आणि आत हळू धडधड. हळूहळू मी काय शोधतेय तेच विसरले. प्रत्येक मेंढी आत्यांच्याच डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. वाटलं, हे धुकं असंच राहू दे; ह्याच्या आत कुणी आजारी नाही, कुणाला कुठे जायचं नाही. किती वेळ तशी फिरले कोण जाणे. मग बोटांना चिंधीची गाठ लागली, आत वडीची चौकट.

धुक्यातून सुग्रीव आले. "तू इथं काय करून राह्यली?"

"तुमचं शहाणपण शोधून राह्यले," मी म्हणाले.

घरी येऊन डॉक्टरांना फोन लावला, आत्यांची भीती सांगितली आणि आत्यांच्या कानाशी धरला.

"आजी, आपण शोधतोय तो बदल त्या गाठीतच झालेला असतो. तो जन्मापासूनचा नाही, नातीत जाणार नाही."

"बराबर सांगता ना, बाई?"

"अगदी बरोबर."

आत्यांनी फोन माझ्या हातात दिला. "मंग जल्दी न्या ते."

निकाल येईपर्यंतचे दिवस अर्धवट झोपेतले होते. आत्या उन्हात बसायच्या, मी शेजारी. माळाकडे पाहिलं की मला अजून धुकंच दिसायचं.

निकाल सांगताना डॉक्टर हसल्या. "बदल सापडला. गोळी सुरू करू. गाठ पार जाईल असं वचन देत नाही, पण चांगले दिवस मिळतील, कदाचित वर्षंही."

दुखण्यात, सुया टोचताना, एवढ्या दिवसांत आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. त्यांनी माझा दंड घट्ट पकडला आणि भर दवाखान्यात हंबरडा फोडला.

"मला मरायचं न्हवतं गं, रेणुका," त्या म्हणाल्या. "बिलकुल न्हवतं."