किशोरमामाची सही

गांगुर्डे सरांनी आमच्या हातातला माउस काढून घेतला, तिथून सगळी गंमत सुरू झाली.

काढून घेतला म्हणजे खरंच वायरसकट काढून कपाटात ठेवला. सर आधी पुण्यात एका कंपनीत होते, आता आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. त्यांचं म्हणणं असं, की सॉफ्टवेअर बनवायच्या आधी ते कागदावर उतरलं पाहिजे. काय बनवायचं, कोणासाठी बनवायचं, कुठल्या स्क्रीनवर कुठलं बटण, कोणत्या आठवड्यात कोणतं काम, सगळा आराखडा. आणि जो माणूस ते वापरणार, त्याची शेवटच्या पानावर सही.

"सही झाली की आराखडा गोठला," सर म्हणाले. "मग वेलांटीसुद्धा बदलायची नाही. सही नाही, तर कीबोर्डला हात नाही."

आंतरशालेय स्पर्धेला शाळेतून एकच टीम जाणार होती. सरांना आमचा विषय आवडला होता, पण राजच्या टीमचा आराखडा सहीसकट जमा झाला होता. राजच्या पप्पांचं मेडिकल आहे. त्यांनी खोकल्याच्या दोन बाटल्या देता देता न वाचता सही ठोकली. सरांनी मला सरळ सांगितलं, "तृप्ती, शनिवारी बारापर्यंत सहीचा आराखडा माझ्या टेबलावर आला तर तुम्ही. नाहीतर राज."

आता हे माझ्यासाठी केवढं होतं ते सांगते. आठवीपर्यंत मी हजेरीला 'येस सर'सुद्धा शेजारणीच्या तोंडून म्हणवून घ्यायचे. यंदा नववीत वक्तृत्वाच्या स्पर्धेत नंबर आला आणि माझं तोंड जे उघडलं ते मिटतच नाही, असं आई म्हणते. टीमलीडर हा माझ्या आयुष्यातला पहिला हुद्दा. टीममध्ये माणसं दोनच, मी आणि ललित, पण लीडर ती लीडर. आणि ती खुर्ची मी राजला देणार? हॅट!

आमचा युजर म्हणजे माझा सख्खा किशोरमामा. रविवार कारंजाजवळ त्याचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. मामाचं रोजचं रडगाणं एकच. "गिऱ्हाईक प्रूफवर सही करत नाही गं! आज आत्याचं नाव वर घ्या, उद्या काकांचं मोठ्या अक्षरात घ्या, परवा किलबिलमध्ये एक पोरगं वाढवा. अरे, लग्न लागेल तुमचं, पण पत्रिका छापून होणार नाही!" म्हणून आम्ही ठरवलं, असं सॉफ्टवेअर बनवायचं की गिऱ्हाइकाने घरबसल्या मोबाईलवर नावं भरायची, वरखाली करायची, भांडणं काय ती घरातच मिटवायची आणि 'फायनल' दाबलं की मामाकडे छपाईला. मामा इतका खूश झाला की त्याने ललितला दोन वेळा चहा पाजला. मला वाटलं, सही तर खिशात आहे.

सोमवारी आम्ही अकरा पानांचा आराखडा घेऊन गेलो. मामाने चष्मा लावला. पहिल्याच चित्रावर बोट ठेवलं. त्यात काड्यांची माणसं होती, कोण काय करणार ते दाखवणारी.

"हा कोण?"

"तू, मामा. प्रेसचा मालक."

"एवढा वाळका? आणि पोट कुठंय माझं?"

"मामा, हे चिन्ह आहे. सगळ्या जगात असंच काढतात," ललित म्हणाला. ललित एरवी बोलत नाही, पण चित्रं त्याने काढली होती.

"जगाचं जग बघेल. माझ्या प्रेसच्या कागदात मी जरा भरलेला दिसलो पाहिजे. आणि सरिता कुठंय?"

सरितामामी मागे पाकिटांना सोनेरी गणपती चिकटवत होती. तिने मान वर केली. "मी नाहीच का त्यात? बरोबर आहे. पाकिटं काय आपोआप भरतात."

मंगळवारी मामी चित्रात आली. मामापेक्षा अर्धा इंच उंच आली, म्हणून बुधवारी परत खाली आली. मग मामाला हवं होतं की स्क्रीन उघडली की सनई वाजावी. मग मामीला हवं होतं की सनई बंद करायचं बटण असावं. गुरुवारी मामाने सांगितलं, जी आत्या रुसली असेल तिच्या नावापुढे लाल दिवा लागावा.

"कॉम्प्युटरला कसं कळणार, कोण रुसलंय ते?" मी ओरडलेच.

"मग काय उपयोग त्या कॉम्प्युटरचा?" मामा शांतपणे म्हणाला. "इथे गल्लीत सगळ्यांना कळतं."

आराखडा अकरावरून सव्वीस पानांवर गेला. रोज नवी प्रिंट, रोज मामा शेवटच्या पानावर येऊन पेनाचं टोपण काढायचा, सहीच्या रेघेकडे बघायचा आणि टोपण परत लावायचा.

"मामा, तू तुझ्या गिऱ्हाइकांसारखाच वागतोयस!"

"अगं, म्हणूनच घाबरतो ना! प्रूफवर सही केली, की पुढची चूक सही करणाऱ्याची. आजवर मी फक्त दुसऱ्यांच्या सह्या घेतल्या, तृपे. स्वतः कधी केली नाही."

घरी जाताना ललित म्हणाला, "आपण मेडिकलवाला युजर घ्यायला हवा होता." मी त्याच्याशी शालिमारच्या चौकापर्यंत बोलले नाही. म्हणजे मनातल्या मनात बोलतच होते, पण मोठ्याने नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी ठरवूनच गेले. प्रेसमध्ये स्टुलावर बसले आणि म्हटलं, "मी हलणार नाही." मामाने सव्वीस पानं पुन्हा वाचली, लाल पेनाने इकडे तिकडे दुरुस्त्या केल्या. आणि मग, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याने सही केली! चांगली लांबलचक, खाली दोन टिंबं.

मी त्या स्टुलावरच नाचले. ललितला फोन केला, आईला केला, राजलाही करणार होते, पण म्हटलं उद्या तोंडच बघू. कागद मामाकडेच ठेवले, कारण तो रात्री त्यांना स्पायरल लावून देणार होता. ही माझी चूक. लीडरने कागद सोडायचा नसतो.

शनिवारी सकाळी मी आणि ललित प्रेसमध्ये पोचलो, तर मामा अंघोळ करून, गंध लावून, अगदी प्रसन्न.

"मामा, आराखडा?"

"गेला की."

"कुठे गेला?"

"वणीला."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण मामा चेष्टा करताना भुवई उडवतो, आणि भुवई जागच्या जागी होती. "अगं, पहिली प्रत देवीची असते. आपल्या प्रेसमधून कोणतंही मोठं काम निघालं की पहिला कागद सप्तशृंगीपुढे जातो. सरिता पहाटे कॉलनीतल्या बायकांबरोबर गडावर जायला निघाली. मी चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि दिला तिच्याकडे. तुमचं चांगलं व्हावं म्हणून!"

ललित खाली बसला. खुर्ची नव्हती, तरी बसला.

"अरे मग दुसरी प्रत काढ आणि सही कर!" मी म्हटलं.

"करतो की. पण जशी देवीपुढे गेली तश्शी. माझ्या लाल दुरुस्त्यांसकट."

"काय दुरुस्त्या होत्या?"

मामाने छताकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. "तीन होत्या," तो म्हणाला. "का चार?"

मी मामीला फोन लावला. मामी दर्शनाच्या रांगेत होती.

"मामी, त्या कागदांचे फोटो पाठव ना! पटकन!"

"एका हातात खणनारळ, एका हातात तुझी ती वही, फोन मानेत धरलाय. फोटो काय पायाने काढू?"

"मग लाल पेनाने जिथे जिथे लिहिलंय ते वाच!"

मामीने वाचायला सुरुवात केली. खड्या आवाजात. प्रेसमध्ये ललित टाइप करत होता, आणि गडावर सगळी रांग ऐकत होती.

"पान सात. 'गिऱ्हाइकाने नाव तीनदा बदलल्यास मालकाला फोन जावा.' लिहिलंस?"

"लिहिलं!"

मागून एका बाईचा आवाज आला, "अहो, तीनदा कमीय. आमच्यात नवरदेवाचंच नाव तीनदा बदललं."

"पाचदा करू का गं?" मामीने मला विचारलं.

"मामी, नाही! आहे तेच वाच!"

"पान बारा. 'सनई हळू आवाजात.' पान एकोणीस. 'मयत व्यक्तीच्या नावाआधी कैलासवासी विसरू नये.' हे चांगलं लिहिलंय हो यांनी."

"आमच्या पत्रिकेत जिवंत सासऱ्यांना कैलासवासी छापलं होतं," तीच बाई म्हणाली. "जेवले नाहीत लग्नात."

सगळी रांग हसली. ललितही हसला आणि त्याने 'कैलासवासी' दोनदा टाइप केलं.

"अजून आहे का, मामी?"

"पान चोवीसला आहे एक, पण कुंकू सांडलंय त्यावर. थांब... 'मालकाचे पोट'... पुढचं दिसत नाही. अगं बाई, आला नंबर! ठेवते!"

आणि फोन बंद.

आम्ही दोघांनी मामाकडे पाहिलं. मामा लाजला. "ते हां... 'मालकाचे पोट चित्रात बरोबर आले आहे.' दुरुस्ती नव्हती ती. शाबासकी होती."

नवीन प्रत निघाली, मामाने या वेळी टोपण काढलं ते लावलंच नाही, सरळ सही केली. म्हणाला, "आता काय घाबरायचं, वरून मंजुरी आलीय." मामाच्या स्कूटरवर तिघांना बसता येत नाही म्हणून ललित शाळेत रिक्षाने आला, आणि सिग्नलला मामा नियम पाळत असल्यामुळे ललित आमच्या आधी पोचला.

बाराला थोडाच वेळ होता. सरांनी आराखडा घेतला आणि सावकाश वाचायला लागले. मी आयुष्यात एवढा वेळ गप्प कधी बसले नव्हते, म्हणजे यंदा तरी नाही. सर सनईपाशी थांबले, पुढे गेले. पोटापाशी थांबले, मामाकडे पाहिलं, पुढे गेले. शेवटी म्हणाले, "छान झालाय. फक्त एक गोष्ट राहिली. लॉगिनला पासवर्ड कुठे लिहिलेला नाही. एक ओळ घाला इथे, मी घेतो."

त्यांनी पेन काढलं.

"थांबा," मामा म्हणाला.

हा तोच मामा बरं का, ज्याने आठवडाभर आमचा भुगा केला होता.

"सर, आता त्यात काही घालता येणार नाही. सकाळीच देवीपुढे गेलंय."

"एकच ओळ आहे हो."

"एक ओळ काय, एक मात्रा नाही. तिथे एक आणि इथे दुसरं, असं चालतं का? मला विचाराल तर ते गोठलं."

सरांचं पेन हवेतच राहिलं. कंपनीतल्या सगळ्या वर्षांत त्यांना असा युजर भेटला नसणार. त्यांनी मामाकडे पाहिलं, आराखड्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या हळदकुंकवाच्या बोटाकडे पाहिलं. ते मामाने दुसऱ्या प्रतीलाही लावलं होतं, कारण तश्शी म्हणजे तश्शी.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "पासवर्ड पुढच्या आवृत्तीत." आणि स्पर्धेच्या अर्जावर माझं आणि ललितचं नाव लिहून त्यांनी कपाट उघडलं आणि माउस काढून माझ्या हातात दिला. वायरसकट.

मी अशी ओरडले की शेजारच्या वर्गातून बाई बघायला आल्या. मामा त्यांनाही नमस्कार करून सांगायला लागला की चित्रातला तो भरलेला माणूस म्हणजे मीच.

ललित मात्र कॉम्प्युटरसमोर बसून रिकाम्या स्क्रीनकडे बघत होता.

"तृप्ती," तो हळूच म्हणाला, "म्हणजे आता हे खरंच बनवायचं?"

"सव्वीसच्या सव्वीस पानं," मी म्हटलं, आणि खुर्ची पुढे ओढली. "सनईपासून सुरू कर."